मोरीतले दोन डबे

मी मराठीचा प्राध्यापक. बाजाराच्या शास्त्राशी माझा संबंध वाण्याचे बिल चुकते करण्यापुरता. तरीही आमच्या कॉलेजातले वाणिज्य शाखेचे एक स्नेही चहाच्या वेळी कंपन्यांच्या डावपेचांचा विषय काढतात, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमच्या आईच्या मोरीतली फळी उभी राहते. तीवर पावडरीचे दोन डबे असत. लहान डब्यात सर्फ. ते वडिलांच्या कचेरीच्या सदऱ्यांसाठी आणि आईच्या जाण्यायेण्याच्या साड्यांसाठी. मोठ्या डब्यात पिवळी निरमा. ती चादरी, पंचे आणि आम्हां भावंडांच्या गणवेशांसाठी. लहान डब्याला हात लावायची आम्हांला सक्त बंदी होती!

हिंदुस्थान लिव्हरने १९५९ साली सर्फ बाजारात आणले. तोवर धुणे म्हणजे साबणाची वडी आणि धोपटणे. पावडर घेणारे घर सुखवस्तूच असायचे, आणि कंपनीही तेच घर नजरेसमोर ठेवून चालली होती.

इकडे १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल हे गुजरात सरकारच्या खनिज खात्यातले रसायनतज्ज्ञ नोकरी सांभाळून घरीच पावडर कालवू लागले आणि सायकलवरून दारोदार विकू लागले. लेक निरुपमा, म्हणून पावडरीचे नाव निरमा. भाव किलोला साडेतीन रुपयांच्या आसपास. सर्फ तेव्हा तेराच्या घरात! ही स्वस्ताई साधली कशी? धुण्याचा सोडा भरपूर, सुवासाचे लाड नाहीत, विक्रेत्यांचा लवाजमा नाही. आणि यंत्राऐवजी हाताने मिश्रण केल्यामुळे अबकारी करातही सवलत.

बड्या कंपनीने बरीच वर्षे इकडे काणाडोळा केला. हे आपले गिऱ्हाईकच नव्हे, असा तिचा समज. मला वाटते, ही चूक हिशेबाची नव्हती, कल्पनाशक्तीची होती. पावडर आज कोण घेतो हे तिने पाहिले. वडी घासत बसलेल्या लाखो बायका उद्या काय घेतील, हे पाहिले नाही. निरमाने सर्फचे गिऱ्हाईक पळवले त्याहून अधिक वडीचे गिऱ्हाईक पावडरीकडे आणले. १९८०च्या दशकाच्या मध्यास वजनाच्या हिशेबात निरमा सर्फच्या पुढे निघून गेली होती.

मग कंपनी जागी झाली. दूरदर्शनवर कविता चौधरींच्या ललिताजी आल्या आणि स्वस्त वस्तू व चांगली वस्तू यांतला फरक गृहिणींना ठणकावून सांगू लागल्या. पण खरे उत्तर जाहिरातीत नव्हते. सर्फचा भाव निरमाइतका खाली आणला असता, तर आपल्याच हाताने आपली प्रतिष्ठा घालवल्यासारखे झाले असते. म्हणून १९८७च्या सुमारास व्हील ही निराळी, स्वस्त पावडर आली. मोठ्या घराण्याला सायकलवाल्याकडून काटकसर शिकावी लागली, याची मला आजही मौज वाटते. वर सर्फ, खाली व्हील, अशी माडीवर माडी चढली. निरमाने पुढे सोडाही स्वतःच बनवायला घेतला; आणि कानपूरच्या घडीने स्वस्ताईचाच रस्ता धरून या दोघींनाही घोर लावला.

आमच्या मोरीत मात्र तिसरा डबा आला नाही. वाणी ज्या महिन्यात जी स्वस्त देईल ती पावडर आई मोठ्या डब्यात ओतू लागली. डब्यावर तिने डकवलेली चिठ्ठी तेवढी शेवटपर्यंत तीच राहिली: निरमा.