य याडीचा

किनवटला बँकेच्या शाखेत असताना आठवडी बाजाराच्या दिवशी काउंटरसमोर अंगठ्यांची रांग लागे. शाईचा पॅड संध्याकाळपर्यंत कोरडा पडे. पुढे साक्षरतेच्या मोहिमा आल्या आणि पुष्कळ खातेदार अभिमानाने सही करू लागले. अशाच एका बाईंनी एकदा पैसे काढण्याच्या स्लिपवर जपून, कोरल्यासारखी सही केली. मी सहज विचारले, “रक्कम किती लिहिली आहे, पाहिलीत का?” त्या हसून म्हणाल्या, “साहेब, मला सही येते, वाचायला कुठं येतं? तुम्ही लिहिलं तेच खरं.” त्या विश्वासाने मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही.

ते उत्तर गेल्या दिवाळीत पुन्हा आठवले. नातू सुट्टीला घरी आला होता. इंग्रजी माध्यमाच्या तिसरीत आहे. त्याने पाठ्यपुस्तकातील एक पान न अडखळता वाचून दाखवले आणि घरात कौतुक झाले. “काय सांगितलंय रे त्यात?” असे विचारताच तो माझ्याकडे नुसता पाहत राहिला. घरात आम्ही मराठी बोलतो, त्याची आजी अजूनही मारवाडीत रागावते, आणि पुस्तक बोलते तिसरीच भाषा. उच्चार त्याच्या ओठांवर होते, अर्थ मात्र कुठेच नव्हता. त्या बाईंची सही आणि माझ्या नातवाचे वाचन यांत मला फारसा फरक दिसला नाही.

किनवट तालुक्यात ही अडचण अनेक वस्त्यांमध्ये आढळते. पैनगंगेच्या या जंगलपट्ट्यात गोंडी, कोलामी, बंजाऱ्यांची गोरमाटी, सीमेपलीकडची तेलुगू आणि मराठी अशा भाषा एकमेकींच्या शेजारी नांदतात. आपल्या जुन्या दुकानदारांना हे शिकवावे लागले नाही. मीठ, कापड, गूळ विकायचा तर गिऱ्हाइकाची बोली यायलाच हवी, हे गल्ल्यावर बसणाऱ्या पोराला मिसरूड फुटण्याआधी कळत असे. शाळेला मात्र ते उमगायला फार काळ लागला. भिंतीवरच्या तक्त्यावर ‘आ आईचा’ असतो. तांड्यावरचे मूल आईला ‘याडी’ म्हणते. त्याच तक्त्यावर ‘य यज्ञातला’ असतो. यज्ञ त्या मुलाने पाहिलेला नसतो. गोंड मुलासाठी पाणी ‘येर’ असते आणि घर ‘रोन’. सहा वर्षांच्या मुलाला एकाच वेळी अनोळखी अक्षर आणि अनोळखी शब्द शिकायचा असतो. आपण मात्र त्याला ‘मंद’ ठरवून मोकळे होतो.

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या शेजारीच, ऐंशी वर्षांपूर्वी शोधले गेले होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत किनवट तालुका हैदराबादच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९४० मध्ये त्या जिल्ह्यात जोडेघाट येथे कुमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधण्यासाठी निजाम सरकारने व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांना पाचारण केले. त्यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये मारलवाई या गोंड गावी शिक्षक-प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. शिक्षक गोंडांमधूनच घडवायचे आणि पहिले वाचन गोंडीतून, पण देवनागरी लिपीत करायचे, अशी योजना होती. यात शहाणपण असे की, मूल अर्थ घरून घेऊन येते, शाळेने फक्त अक्षर द्यायचे. आणि ते अक्षर देवनागरी असल्यामुळे पुढे मराठीचा दरवाजाही त्याच किल्लीने उघडतो.

या कामाशी मराठवाड्याचे एक मोठे नाव जोडलेले आहे. सेतुमाधवराव पगडी १९१० मध्ये निलंग्याला जन्मले. इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु आदिलाबादेत अधिकारी असताना त्यांनी गोंडी आत्मसात केली आणि गोंडी व कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणे लिहिली. मी नोकरीत असंख्य अधिकारी पाहिले. बदलीच्या गावची बोली शिकून तिचे व्याकरण लिहिणारा एकही माझ्या पाहण्यात आला नाही. मीही तो नव्हतो.

एक गोष्ट आपल्याला ऐकायला रुचणार नाही, तरीही लिहितो. गोंडांच्या जमिनी हातून गेल्या त्यामागे कागद वाचता न येणे हे एक मोठे कारण होते, आणि कागदाच्या दुसऱ्या टोकाला अनेकदा सावकार-व्यापारी असे. प्रामाणिक पेढ्या होत्या, तशा अंगठ्यावर पोसलेल्याही होत्या. त्यामुळे या तालुक्यातील मूल वाचू लागले की नाही, हा प्रश्न आपण केवळ दानधर्माच्या खात्यात टाकू नये.

१९५६ नंतर आदिलाबाद आंध्रात आणि किनवट नांदेड जिल्ह्यात आले. तिकडे तेलुगू आली, इकडे मराठी आली आणि गोंडी वाचनपाठ मागे पडले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले, तेव्हा मला मारलवाई आठवले.

निवृत्तीनंतर मी आठवड्यातून एकदा एका तांड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन बसतो. तेथील तरुण बाई रोज सकाळी विचारतात, “आज काय पाहिलंत, काय खाल्लंत?” मुले सांगतात ते त्या त्यांच्याच शब्दांत फळ्यावर लिहितात. ‘याडी’, ‘बाटी’ हे शब्द फळ्यावर उमटले की मुले हरखतात. त्याखाली मराठी ओळ येते: आई भाकरी करते. मग प्रत्येकाने आपला शब्द शोधायचा, कागदाच्या पट्टीवर उतरवायचा आणि खोक्यात टाकायचा. ज्याला लिहिता येत नाही त्याने चित्र काढायचे. बाई त्याखाली त्याचा शब्द लिहितात. त्यांच्या तक्त्यावर ‘य याडीचा’ आहे. तारा मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली होती. या बाईंनी तांड्याची बोली शाळेत आणली.

फलटणला मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने वाचनाची जी पद्धत रूढ केली, तिचेही सूत्र असेच साधे आहे. सगळी मुळाक्षरे, मग सगळी बाराखडी, असा वर्षभराचा वनवास नको. मोजकी अक्षरे आणि एखादे स्वरचिन्ह घेऊन लगेच अर्थाचे शब्द करायचे. मी घरी क, म, ल आणि काना एवढेच घेऊन बसलो, तर काका, मामा, काम, माल, मका, लाल, कला, कमाल असे आठ शब्द सहज निघाले. चार नग भांडवल आणि आठ नग माल! व्यापाऱ्याच्या घरात याहून चांगले उदाहरण कोणते द्यावे?

आरंभाला मराठीत ‘ओनामा’ म्हणतात. तो ‘ॐ नमः सिद्धम्’ या मंगलवचनातून आलेला शब्द आहे. भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या शिकवली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तो पहिला वर्ग घरातला होता आणि गुरू वडील होते. मुलींना गुरूची भाषा वेगळी शिकावी लागली नाही.

नातवासाठी मी आता वेगळी युक्ती करतो. जेवणाच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. दिवसभरात घडलेली एक गोष्ट तो मराठीत सांगतो, मी लिहितो, तो वाचतो. ‘आजी मारवाडीत ओरडली’ हे वाक्य त्याने पहिल्यांदा वाचले तेव्हा अर्थ विचारण्याची गरज पडली नाही. तो हसत सुटला होता.

तांड्यावरच्या शाळेत गेल्या महिन्यात मुलांनी वर्गात दुकान मांडले. साबणाची वेष्टने, बियाण्यांच्या रिकाम्या पिशव्या, बिस्किटांचे कागद जमवले, भाव लिहिले. एकाने पुठ्ठ्यावर ‘आज रोख उद्या उधार’ असे लिहून टांगले. ही ओळ त्याने बाजारातील कोणत्या दुकानात वाचली असावी ते मी ओळखले. गल्ल्यावर तिसरीतली एक मुलगी होती. मी दोन रुपयांची पेन्सिल घेतली आणि खिशात सुटे नाहीत असे सांगितले. तिने पाटीकडे एकदा पाहिले, थोडा विचार केला आणि वहीत माझ्या नावापुढे ‘पेनसिल २ रुपये’ लिहिले. ते मला मोठ्याने वाचून दाखवले, आणि मगच सहीसाठी वही माझ्यापुढे केली.