बांधी विकण्याआधी : मणक्याची दुखापत आणि बाहेरदेशीचा इलाज

इटियाडोह धरणाच्या भोवतालच्या गावांत माणूस मोहावरून पडतो, आंब्यावरून पडतो, नाहीतर झाडीपट्टीचे नाटक पाहून रात्री परतताना मोटारसायकलवरून फेकला जातो. घरातला कमावता गडी कमरेखाली लुळा होतो. नागपूरला ऑपरेशन होते, टाके निघतात, पण पाय हलत नाहीत. मग कोणीतरी पाहुणा सांगतो, "बाहेरदेशी याचा इलाज आहे म्हणतात." मोबाइलवर व्हिडिओ येतात, एजंटचे फोन सुरू होतात आणि धानाची बांधी विकायची गोष्ट निघते. बांधीचा सौदा होण्याआधी त्या घरापर्यंत काही गोष्टी पोचायला हव्यात, म्हणून हा लेख.

पहिला आणि सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच, की परदेशात इलाज आहे आणि आपल्याकडे नाही. मज्जारज्जूला, म्हणजे मणक्यांतून जाणाऱ्या नसांच्या दोरीला, पूर्ण इजा झालेल्या माणसाला पुन्हा पहिल्यासारखे चालवणारा सिद्ध उपचार आज जगात कुठेच नाही. हाताची कापलेली नस शिवली तर हळूहळू वाढते. मज्जारज्जूतले तंतू तसे वाढत नाहीत आणि इजेच्या जागी व्रण धरतो. ऑपरेशनने मोडलेला मणका स्थिर होतो, मज्जारज्जूवरचा दाब निघतो. तुटलेले तंतू त्याने जुळत नाहीत, मग ते ऑपरेशन नागपुरात होवो की न्यूयॉर्कमध्ये.

"पण जपानात तर स्टेम सेलला (मूळ पेशींच्या उपचाराला) मंजुरी आहे ना?" हा प्रश्न रास्त आहे. जपानने डिसेंबर 2018 मध्ये रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशींपासून केलेल्या एका उपचाराला मंजुरी दिली, पण ती सशर्त आणि ठरावीक मुदतीची होती. आधार होता अवघ्या 13 रुग्णांच्या चाचणीचा. तुलनेसाठी उपचार न दिलेला गट त्या चाचणीत नव्हता. पहिल्या काही महिन्यांत बऱ्याच रुग्णांमध्ये आपोआपही सुधारणा होते, त्यामुळे फरक नेमका कशाने पडला हे सांगता येत नाही, असा आक्षेप शास्त्रज्ञांनी तेव्हाच घेतला. शिवाय तो उपचार ताज्या दुखापतीसाठी आहे. दोन वर्षांपूर्वी पडलेल्या माणसासाठी नाही. जपानच्याच केओ विद्यापीठाने मार्च 2025 मध्ये आणखी एका पेशी-उपचाराचे निष्कर्ष सांगितले. रुग्ण होते चार, त्यांतल्या दोघांत सुधारणा दिसली. आशा वाटावी असे हे काम आहे, पण चार माणसांवरून जमीन विकायची नसते.

स्वित्झर्लंडमध्ये मज्जारज्जूवर विजेचे सौम्य झटके देऊन काही रुग्णांना आधाराने उभे केले, पावले टाकायला लावली, हेही खरे आहे. त्या व्हिडिओत यंत्र दिसते, पण त्यामागचा अनेक महिन्यांचा व्यायाम दिसत नाही.

स्टेम सेलने "फायदा नाही झाला तरी नुकसान नाही" असे एजंट सांगतो. ते खोटे आहे. एका अमेरिकी तरुणीच्या मज्जारज्जूत पोर्तुगालमध्ये नाकातल्या पेशी घातल्या गेल्या. आठ वर्षांनी तिथे गाठ सापडली आणि त्या गाठीत नाकात तयार होतो तसा चिकट स्राव होता. 2014 मध्ये हे प्रकरण डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आले. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मज्जारज्जूच्या दुखापतीवर स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात. अशा चाचणीत प्रयोगाच्या उपचाराचे पैसे सहसा रुग्णाकडून घेतले जात नाहीत. लाखो रुपये आगाऊ मागणारा एजंट भेटला, तर चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारा आणि तो आपल्या डॉक्टरांना दाखवा.

मग परदेशी जाऊन कोणाचेच भले झाले नाही का? झाले. वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस यांना 1954 च्या मोटार अपघातात कमरेखाली कायमचे अपंगत्व आले. पुनर्वसनासाठी त्या ऑस्ट्रेलियात पर्थला गेल्या, पुढे न्यूयॉर्कला शिकल्या. चालत परत आल्या नाहीत. चाकाच्या खुर्चीतून आल्या, खुर्चीत बसूनच शस्त्रक्रिया करत राहिल्या आणि 1966 मध्ये वेल्लोरला पुनर्वसन संस्था उभी राहिली. परदेशाकडून घेण्यासारखी विद्या होती ती पुनर्वसनाची, आणि ती कधीच इकडे आली आहे. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था 1955 पासून आहे. जखमी जवानांसाठी पुण्यात खडकीला केंद्र आहे, दिल्लीला स्पायनल इंज्युरीज सेंटर आहे. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेचे कवच परदेशी चालत नाही. इथल्या योजनेतल्या रुग्णालयांत चालते. दुसऱ्या डॉक्टरांचे मत हवे असेल तर आधी एमआरआय आणि कागद पाठवा, माणसाला हलवायची घाई नको.

खरे नुकसान पुष्कळदा झाडाखालीच होते. "लवकर दवाखान्यात" म्हणून जखमीला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवतात किंवा हातपाय धरून झोळीसारखे उचलतात. मोडलेला मणका त्यात सरकतो आणि अर्धवट इजेची पूर्ण होऊ शकते. डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून चार-पाच जणांनी एकदम वळवायचे, दाराची फळी खाली सरकवायची, 108 ला फोन करायचा. मज्जारज्जूवरचा दाब काढायचा असेल तर शक्यतो 24 तासांच्या आत काढावा असे आता डॉक्टर मानतात. म्हणजे जे तास मोलाचे, ते गाव ते नागपूर या वाटेवरचे आहेत.

आणि घरी आल्यावर? माया करणारी आईच थंडीत पायाला गरम विटेचा शेक देते. पायाला जाणीव नसते, चामडी भाजते, कोणाला कळत नाही, आणि ती जखम महिनोन्महिने भरत नाही. शेक नकोच, शेकोटीजवळही पाय नकोत. अंथरुणावर दर दोन तासांनी कूस बदला. खुर्चीत असेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायला सांगा. माकडहाड, टाचा, खुबे रोज उजेडात पाहा. दाबून पांढरा न होणारा लाल डाग ही बेडसोरची, म्हणजे दाबाने होणाऱ्या जखमेची, सुरुवात असते. लघवीची नळी कायम ठेवायची की ठरल्या वेळी घालून काढायची, हे डॉक्टरांकडून शिकून घ्या. या रुग्णांचा जीव पुष्कळदा बेडसोरने आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने जातो, आणि दोन्ही घरच्या हातांनी बरेचसे टळतात.

दुखापत मानेची किंवा छातीच्या वरच्या भागाची असेल तर आणखी एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. अचानक डोके ठणकायला लागले, तोंड लाल झाले, घाम सुटला, तर रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो. लगेच उठवून बसवा, कपडे सैल करा, लघवीची नळी मुडपली किंवा तुंबली आहे का पाहा, आणि आराम पडला नाही तर थेट 108 ला फोन करा.