बारा तारखेची बारशी

१२ ऑक्टोबर १४९२. पहाटे दोनच्या सुमारास ‘पिंता’ जहाजावरून रोद्रिगो द त्रियाना या खलाशाला जमीन दिसली. बहामा द्वीपसमूहातलं ते बेट. तिथले ताइनो लोक त्याला ग्वानाहानी म्हणत. आपण आशियाच्या उंबरठ्यावर आलो, अशी कोलंबसाची खात्री झाली. त्याने त्या लोकांना ‘इंडियन’ म्हटलं आणि आपल्या देशाचं नाव त्यांना कायमचं चिकटलं.

अमेरिकेतला ‘कोलंबस डे’ मात्र कोलंबसाइतकाच, किंबहुना थोडा जास्तच, इटालियन स्थलांतरितांचा आहे. मार्च १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या पोलीसप्रमुखाच्या खुनाचा खटला संपला. त्यात एकालाही शिक्षा झाली नाही, तेव्हा चवताळलेला जमाव तुरुंगात घुसला आणि त्याने ११ इटालियनांना ठार मारलं. त्यांतल्या काहींवर तर खटला चाललाही नव्हता. इटलीने आपला राजनैतिक प्रतिनिधी माघारी बोलावला. अमेरिकेने २५ हजार डॉलर भरपाई दिली. पुढच्याच वर्षी कोलंबसाच्या त्या जलप्रवासाला ४०० वर्षं पूर्ण होत होती आणि राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी तो दिवस देशभर साजरा करण्याचं आवाहन केलं. ‘डागो’ म्हणून हिणवल्या जाणाऱ्यांना जेनोवाच्या कोलंबसामुळे अमेरिकेच्या जन्मकथेतच जागा मिळाली. १९०७ मध्ये कोलोरॅडोने सुट्टीचा कायदा केला. १९७१ पासून देशाची ही सुट्टी ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी येते. जोडून रजा मिळावी, एवढाच त्यामागचा हिशेब.

दक्षिणेकडे वेगळीच गरज होती. स्पेनपासून सुटलेल्या देशांना स्पेनशी असलेलं नातं पुन्हा गौरवाचं वाटू लागलं होतं. अर्जेंटिनाने १९१७ मध्ये १२ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी केली आणि ‘वंशदिन’ हे नाव खंडभर रुळलं.

मग बारशांवर बारशी झाली. कोस्टा रिकाने १९९४ मध्ये ‘संस्कृतींचा दिवस’ केला, व्हेनेझुएलाने २००२ मध्ये ‘आदिवासी प्रतिकार दिन’. दोन वर्षांनी, त्याच तारखेला, काराकासमध्ये निदर्शकांनी कोलंबसाचा पुतळा दोर लावून खाली ओढला. अर्जेंटिनाचा ‘वंशदिन’ २०१० मध्ये ‘सांस्कृतिक विविधतेच्या आदराचा दिवस’ झाला. नाव लांबलं, पण निदान शहाणपणाचं झालं. जिथे कोलंबसाने पाय ठेवला त्या बहामानेही २०१२ नंतर ‘शोध दिन’ सोडला आणि त्या जागी ‘राष्ट्रीय वीर दिन’ आणला. स्पेनमध्ये १२ ऑक्टोबर हाच आजही राष्ट्रीय दिन आहे. माद्रिदमध्ये राजासमोर लष्करी संचलन होतं.

या सगळ्या नामांतरांत ताइनोंच्या वाट्याला काय आलं? साथी, सक्तमजुरी आणि हिंसाचाराने काही दशकांतच त्यांची संख्या कोसळली. त्यांचे शब्द मात्र जहाजांतून जगभर गेले. त्यातला एक पोर्तुगीजांकरवी आपल्या किनाऱ्याला लागला, आणि उपासाच्या चिवड्यापासून वड्यापर्यंत आपण तो रोज उच्चारतो: बटाटा. ताइनो भाषेत त्याचा अर्थ होता रताळं.