वस्तीतील चार्जिंग केंद्र : अनुदान कोणाला आणि कसे?

विजेवर चालणाऱ्या दुचाकी आणि तीनचाकी गाड्या आता आपल्या वस्त्यांतून सर्रास दिसू लागल्या आहेत. घरोघर माल पोहोचविणारी मुले, रिक्षाचालक बांधव, भाजीपाल्याची ने-आण करणारे छोटे व्यावसायिक यांनी पेट्रोलचा खर्च वाचावा म्हणून या गाड्या घेतल्या. गाडीसाठी कर्ज मिळाले, काहींना सवलतही मिळाली. परंतु रात्री ती गाडी चार्ज कोठे करावयाची हा प्रश्न मात्र ज्याचा त्याच्यावर सोपविला गेला. बंगल्याच्या आवारात गाडी उभी करणाऱ्यास हा प्रश्न पडत नाही. चाळीत, झोपडपट्टीत आणि जुन्या सरकारी वसाहतींत राहणाऱ्यास तो रोज पडतो. मग खिडकीतून वायर खाली सोडली जाते, एकाच बोर्डावर दोन-तीन गाड्या लागतात आणि जुन्या वायरिंगवर न पेलणारा भार पडतो. हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नसून सुरक्षिततेचा आणि रोजीरोटीचा प्रश्न आहे.

यावर उपाय म्हणून विहाराच्या आवारात चार्जिंग केंद्र काढावे, शासन अनुदान देते, संस्थेला उत्पन्नही होईल, असा विचार तरुण कार्यकर्ते मांडू लागले आहेत. हा विचार स्वागतार्ह आहे. परंतु अनुदान म्हणजे काय, ते कोणाच्या हाती पडते आणि संस्थेने पैसा घालण्यापूर्वी काय पाहावे, हे नीट समजून घेतले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा तोच हेतू आहे.

बाबासाहेब आणि विजेचा प्रश्न

विजेचा विषय आपल्या चळवळीला परका नाही. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि वीज हा विषय त्याच खात्याकडे होता. वीजविकासाचे धोरण ठरविण्यासाठी नेमलेल्या समितीची बैठक ऑक्टोबर १९४३ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली झाली. पुढे केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. स्वस्त आणि मुबलक वीज मिळाल्याखेरीज देशात उद्योग वाढणार नाहीत आणि उद्योग वाढल्याखेरीज दारिद्र्य हटणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. वीज कोणाच्या दारापर्यंत पोहोचते हा त्यांच्या दृष्टीने सामाजिक प्रश्न होता. चार्जिंग केंद्रांकडेही आपण त्याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

केंद्राला खर्च कशाचा येतो?

चार्जिंग केंद्राचा खर्च दोन भागांत पडतो. पहिला भाग वीज जागेपर्यंत आणण्याचा : केबल, मीटर, अर्थिंग आणि भार मोठा असेल तर रोहित्र म्हणजे ट्रान्सफॉर्मर. दुसरा भाग प्रत्यक्ष चार्जर यंत्राचा. दुचाकी-तीनचाकीसाठी लागणारा साधा चार्जर सुमारे ३.३ किलोवॅटचा असतो आणि त्याची किंमत हजारांत असते. मोटारी आणि बससाठी लागणारे जलद चार्जर लाखांच्या घरात जातात. बहुतेक वस्त्यांची गरज पहिल्या प्रकाराची आहे, हे आरंभीच ध्यानात ठेवावे.

असे केंद्र चालविण्यास वीजपुरवठ्याचा परवाना लागत नाही, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीजग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती होऊन गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्कही ग्राहकाला मिळाला. तेव्हा कायद्याची आडकाठी फारशी नाही. अडचण पैशाची आणि जागेची आहे.

शासनाचा पैसा कोणत्या वाटेने आला?

केंद्र शासनाची ‘फेम’ योजना २०१५ मध्ये सुरू झाली. तिचा दुसरा टप्पा एप्रिल २०१९ ते मार्च २०२४ असा होता. याच टप्प्यात मार्च २०२३ मध्ये तीन सरकारी तेल कंपन्यांना ७,४३२ चार्जिंग केंद्रांसाठी ८०० कोटी रुपये मंजूर झाले. ही केंद्रे पेट्रोलपंपांवर उभी राहावयाची होती. महामार्गावरील मोटारीला त्याचा उपयोग आहेच. पण रात्री वस्तीत उभ्या राहणाऱ्या रिक्षाला फारसा नाही.

महाराष्ट्र शासनाच्या २०२१ च्या धोरणात साध्या चार्जरला किमतीच्या ६० टक्के, कमाल १०,००० रुपये, आणि जलद चार्जरला ५० टक्के, कमाल ५ लाख रुपये असे प्रोत्साहन ठेवले होते. साध्या चार्जरसाठी १५,००० आणि जलद चार्जरसाठी ५०० अशी संख्येची मर्यादा होती. २०२५ मध्ये राज्याचे नवे धोरण आले. त्यात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला केंद्र असावे असे उद्दिष्ट आहे.

केंद्राची सध्याची योजना ‘पीएम ई-ड्राइव्ह’ ही होय. १०,९०० कोटी रुपयांची ही योजना १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाली. त्यातील २,००० कोटी रुपये सार्वजनिक चार्जिंग केंद्रांसाठी राखलेले आहेत. योजनेची मुदत मार्च २०२८ पर्यंत वाढविलेली आहे. मात्र निधी आधी संपला तर योजनाही तेथेच थांबेल. सप्टेंबर २०२५ मध्ये निघालेल्या कार्यपद्धतीनुसार जागांचे प्रकार पाडलेले आहेत. शासकीय कार्यालये, शासकीय वसाहती, रुग्णालये आणि शिक्षणसंस्था यांच्या आवारात, केंद्र सर्वांना खुले ठेवण्याच्या अटीवर, वीज आणण्याचा आणि चार्जरचा १०० टक्क्यांपर्यंत खर्च मिळू शकतो. बसस्थानके, रेल्वेस्थानके, सरकारी तेल कंपन्यांचे पंप, नगरपालिकांची वाहनतळे अशा ठिकाणी वीज आणण्याच्या खर्चाच्या ८० टक्के आणि चार्जरच्या ७० टक्के रक्कम मिळते. बाजारपेठा, रस्त्याच्या कडा इत्यादी इतर ठिकाणी केवळ वीज आणण्याच्या खर्चाच्या ८० टक्के मिळतात. चार्जरचा खर्च चालविणाऱ्याने सोसावयाचा.

यादीत नाव असल्याखेरीज पैसा नाही

येथे सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो. या योजनेत एखाद्या मंडळाने वा व्यक्तीने दिल्लीला अर्ज धाडून पैसे मिळत नाहीत. केंद्रीय मंत्रालये, सार्वजनिक उपक्रम आणि राज्यांच्या नोडल संस्था जागांची मागणी एकत्र करून प्रस्ताव पाठवितात. म्हणजे निधीची वाट यादीतून जाते. ज्या जागा यादीत आल्या त्यांना पैसा. ज्यांचे नाव कोणी घातलेच नाही त्यांना काही नाही.

दुसरी गोष्ट, रक्कम सगळी हातात पडून मग काम सुरू होते असे नाही. ७० टक्क्यांचा पहिला हप्ता सामग्रीची खरेदी आणि अटींची पूर्तता झाल्यावर, तर ३० टक्क्यांचा दुसरा केंद्र प्रत्यक्ष सुरू झाल्यावर मिळतो. तोवर पदरचे किंवा कर्जाचे पैसे घालावे लागतात. बँकेत काम करताना आम्ही पाहतो की, अनुदानाच्या भरवशावर कर्ज घेणारे लोक मधल्या काळातील व्याज हिशोबात धरीत नाहीत. १ लाख रुपये अनुदान वर्षभर अडकले आणि कर्जाचा दर १२ टक्के असला तर १२,००० रुपये व्याजापायी जातात. ज्याच्याजवळ भांडवल आहे त्याला हे सोसते. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला सोसत नाही.

चार पॉइंटांचा हिशोब

समजा, एखाद्या संस्थेने ३.३ किलोवॅटचे चार पॉइंट बसविले. केबल, मीटर, अनामत, शेड धरून खर्च २ लाख रुपये आला. देखभाल, इंटरनेट आणि देखरेख करणाऱ्याचे मानधन मिळून महिना २,४०० रुपये लागतात. विजेचे बिल वजा जाता युनिटमागे अडीच रुपये उरतात, असे धरू.

प्रत्येक पॉइंट दिवसाला ६ तास चालला आणि तासाला ३ युनिट गेले, तर चार पॉइंटांवर ७२ युनिट विकले जातील. दिवसाला १८० आणि महिन्याला ५,४०० रुपये उरतील. खर्च जाऊन ३,००० रुपये शिल्लक. म्हणजे २ लाख रुपये फिटावयास सुमारे साडेपाच वर्षे लागतील. तेच पॉइंट दिवसाला एकच तास चालले तर महिन्याला ९०० रुपये उरतील आणि १,५०० रुपये दरमहा खिशातून घालावे लागतील.

हे आकडे उदाहरणादाखल आहेत. परंतु त्यातून मर्म कळते. अनुदानामुळे केंद्र उभे राहते; ते टिकते मात्र रोज येणाऱ्या गाड्यांवर.

दराचाही विचार करावा. केंद्राच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेत वीज स्वस्त आणि इतर वेळी महाग अशी रचना सुचविलेली आहे. प्रत्यक्ष दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवितो. आपला रिक्षाचालक दिवसा धंदा करतो आणि रात्री गाडी लावतो. म्हणून दुपारी जेवणाच्या वेळेत तासभर चार्जिंग होईल अशी जागा, म्हणजे रिक्षातळाजवळची जागा, अधिक उपयोगी ठरते.

विहाराच्या जागेविषयी सावधगिरी

एखादी कंपनी ‘जागा द्या, बाकी आम्ही पाहतो’ म्हणून येते. हा मार्ग वाईट नाही. मात्र आपली संस्था नोंदणीकृत विश्वस्त संस्था असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. बिगरशेती जागा वा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यास, तसेच संस्थेच्या नावे कर्ज काढण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. कंपनीला लांब मुदतीचा करार हवा असतो. परवानगीवाचून सही केली तर पुढे तो विश्वस्तांच्या गळ्याशी येतो. जागा संस्थेच्या नावावर आहे की नगरपालिकेच्या, हे तर सर्वप्रथम पाहावे. अनेक समाजमंदिरे पालिकेच्या मालकीची असतात. ही गोष्ट अडचण न मानता संधी मानावी, कारण सार्वजनिक मालकीच्या जागेसाठी पालिकेमार्फत प्रस्ताव पाठविण्याची मागणी करता येते.

संस्थांनी काय करावे?

आमच्या मते इमारत निधीला हात लावण्यापूर्वी चार कामे करावीत. पहिले, वस्तीतील विजेच्या गाड्यांची मोजणी. किती दुचाकी, किती तीनचाकी, कोठे आणि किती वाजता चार्ज होतात, हे आपले विद्यार्थी दोन रविवारांत लिहून काढू शकतील. दुसरे, वस्तीजवळच्या सार्वजनिक जागांची यादी : पालिका शाळा, दवाखाना, वाहनतळ, समाजमंदिर. तिसरे, कार्यकारिणीचा ठराव करून मोजणी आणि यादीसह तो पालिकेकडे व महावितरणकडे देणे, आणि पोच घेऊन ठेवणे. महावितरण ही या कामासाठी राज्याची नोडल संस्था म्हणून नेमली गेलेली आहे. चौथे, नगरसेवक आणि आमदारांकडे त्याचा पाठपुरावा.

ज्या तरुणांना स्वतःचा व्यवसाय म्हणून केंद्र काढावयाचे असेल त्यांनी मुद्रा कर्ज, तसेच महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाची बीजभांडवल योजना यांची चौकशी करावी. कर्ज व्यक्तीच्या नावे असावे. संस्थेने हमीदार होऊ नये.

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले आहे : एक उपभोगाला, दोन व्यवसायाला आणि एक अडचणीच्या काळासाठी राखून ठेवावयाला. संस्थेचा इमारत निधी हा त्या चौथ्या भागासारखा आहे. तो लोकांच्या घामाचा पैसा आहे. शासनाने सार्वजनिक केंद्रांसाठी २,००० कोटी ठेवले असताना, आपला राखीव पैसा आधी खर्चून आपला हक्क मागे ठेवणे योग्य नाही. आधी हक्काची मागणी कागदावर करावी, योजनेची मुदत संपण्यापूर्वी करावी आणि संघटितपणे करावी. शिका, संघटित व्हा हा संदेश अर्ज लिहिण्याच्या कामातही तितकाच लागू आहे.

जयभीम!