गोऱ्या रंगाचे बाळकडू

जुनी बालगीते, क्रमिक पुस्तके आणि मुलांची मासिके हौसेने जमवीत असता एक गोष्ट मला उत्तरोत्तर पटत गेली, ती ही की, मराठी घरांत वर्णाभिमानाचा पहिला पाठ द्वेषाने नव्हे, तर लाडाकोडाने दिला जातो. ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेल्या, श्रीनिवास खळ्यांनी चाल दिलेल्या आणि आशा भोसल्यांच्या कंठातून घरोघर पोहोचलेल्या एका विख्यात बालगीतात धाकटे भावंड दादाजवळ वहिनीचा हट्ट धरते आणि त्या हट्टातली पहिलीच अट वर्णाची असते! गीत अतिशय मधुर आहे. आणि मधुर आहे म्हणूनच त्यातली अट बालमनात विनातक्रार उतरते. पुढे तेच मूल ऐकते की, गरोदर मावशीने केशराचे दूध घेतले म्हणजे बाळ गोरे होईल, उन्हात खेळल्याने ताई काळी पडेल, आणि अमकीची मुलगी सावळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे. पंढरीच्या सावळ्या विठ्ठलापुढे लोटांगण घालणारे घर सावळ्या लेकीच्या लग्नाची मात्र काळजी वाहते. चित्रमय पुराणकथांतून राक्षस बहुधा काळेकुट्ट भेटतात. 1975 साली बाजारात आलेल्या गोरेपणाच्या प्रसिद्ध मलमाचे नाव 2020 साली बदलले खरे, परंतु पंचेचाळीस वर्षांच्या जाहिरातींनी रुजवलेली आकांक्षा नावाबरोबर थोडीच बदलते?

शास्त्रीय दाखला हवा असल्यास अमेरिकेतील केनेथ व मेमी क्लार्क या दांपत्याचे प्रयोग आहेत. केवळ रंगाने भिन्न असलेल्या बाहुल्या पुढे ठेवल्या असता तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपैकी बहुतेकांनी गोरी बाहुली चांगली म्हणून निवडली. शाळांतील वर्णविभाजन रद्द करणाऱ्या 1954 च्या निकालात तेथील सर्वोच्च न्यायालयाने क्लार्क यांच्या संशोधनाची दखल घेतली.

आपल्याकडचेच पाहा. आगरी-कोळ्यांच्या गावांभोवती सिडकोने 1970 नंतर वसविलेल्या नवी मुंबईत आज सारा देश नांदतो; वाशीला आसाम भवन आहे, अरुणाचल भवन आहे, आणि खारघर-कोपरखैरण्यात आफ्रिकेतून आलेली माणसेही राहतात. खारघरच्या एका सोसायटीच्या लिफ्टमध्ये एका चिमुरड्याने आफ्रिकी तरुणाकडे पाहून आनंदाने हात हलवला, आणि आईने एक अक्षरही न बोलता त्याला आपल्या मागे ओढले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या तरुणाने काय केले होते? काहीच नाही, परंतु मुलाला जे शिकायचे ते दोन मजल्यांत शिकून झाले. ईशान्येकडील मुलींना उद्देशून 'चिंकी' म्हणणारी पोरेही हा शब्द मोठ्यांच्या तोंडूनच उचलतात. ईशान्य भारताचा इतिहास शालेय शिक्षणात आणावा, असे ईशान्येकडील लोकांच्या अडचणींचा विचार करण्यासाठी नेमलेल्या बेझबरुआ समितीने 2014 मध्येच सुचविले होते.

इतिहासाचा विषय निघाला की माझे मन मलिक अंबरकडे धावते, आणि त्याला आवरण्याची मला इच्छाही नाही. सुमारे 1548 मध्ये इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी पुरुष दख्खनेत येऊन निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. त्याने मोगलांच्या बलाढ्य फौजांना गनिमी काव्याने वर्षानुवर्षे जेरीस आणले, जमीन महसुलाची घडी बसवली आणि 1610 साली खडकी वसवली, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. त्या नगरास त्याने भूमिगत नहरीने पाणी दिले. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले, आणि राजांचे बंधू शरीफजी तेथे धारातीर्थी पडले. 1626 मध्ये अंबर वारला. खुलताबादेस त्याची कबर आहे, आणि तेथे उभे राहिल्यावर या मुलखावरील त्याच्या ऋणाची जाणीव मला नेहमीच प्रकर्षाने झाली आहे. आपल्या मुलांना मात्र हबशी माहीत असतो तो जंजिऱ्याचा सिद्दी, केवळ स्वराज्याचा शत्रू म्हणून. शहाजीराजांच्या खांद्याला खांदा लावून लढलेला हबशी त्यांना कोणी सांगतच नाही.

जे मूल ऐकून शिकते, त्याला चांगले ऐकवणेही आपल्याच हाती आहे. तेव्हा वाचकहो, या सुटीत मुलांना मलिक अंबरची गोष्ट सांगा, घरातल्या कोणाच्याही रंगाची चर्चा त्यांच्यादेखत थांबवा, आणि शेजारी आफ्रिकेचे किंवा अरुणाचलाचे बिऱ्हाड असेल तर फराळाचे ताट मुलांच्याच हाती देऊन त्यांच्यासोबत तुम्हीही त्या दारी जा.