पित्याचें ऋण कीं प्रियकराचा विश्वास?

करमाळ्याच्या एखाद्या घरीं मुलांच्या हातीं जपानी चित्रकादंबरी, म्हणजे 'मांगा', दिसली, तर वडीलधाऱ्यांनीं ती एकदम हिसकावून घेऊं नये, असें आम्हांस वाटतें. त्सुकासा होजो यांची 'कॅट्स आय' १९८१ पासून एका जपानी साप्ताहिकांत क्रमशः आली. उपाहारगृह चालविणाऱ्या तीन बहिणी बेपत्ता पित्याच्या शोधार्थ त्याच्या विखुरलेल्या कलाकृति चोरतात. आणि मधलीचा प्रियकरच त्यांच्या मागावरील पोलीस अंमलदार! चोर कोण, हें वाचकास ठाऊकच असतें. उत्कंठा एवढीच कीं, सत्य उघडकीस आल्यावर प्रेम टिकेल काय? १८९० सालीं निघालेल्या हरिभाऊ आपट्यांच्या 'करमणुकी'च्या पुढील अंकाची वाट पाहणाऱ्या घरांच्या वंशजांस ही ओढ परकी नाहीं. पित्यासाठीं प्रियकराशीं खोटें बोलावें काय, हा प्रश्न थोरामोठ्यांनींही मुलांसमवेत वाचावा.