नम्र दुरुस्ती : इंग्रजीतील ‘ॲक्चुअली’ आणि मराठीतील ‘तसा’, ‘खरं तर’

शब्दाचा कोशातील अर्थ आणि संभाषणातील त्याचे कार्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद स्पष्ट करण्यासाठी आपण इंग्रजीतील ‘ॲक्चुअली’ हे क्रियाविशेषण विचारात घेऊ.

कोशात या शब्दाचा अर्थ ‘प्रत्यक्षात, वस्तुतः’ असा मिळतो. आता पुढील प्रसंग पाहा. लंडनमध्ये कोणी एका पाहुण्याला विचारते, ‘तुम्ही ऑस्ट्रेलियाचे ना?’ पाहुणा उत्तरतो, ‘न्यूझीलंड, ॲक्चुअली.’ येथे माहिती ‘न्यूझीलंड’ या एका शब्दातच पूर्ण झाली आहे. मग ‘ॲक्चुअली’ काय करते? ‘आपला अंदाज स्वाभाविक होता, वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे,’ असे ते ऐकणाऱ्याला सुचवते. म्हणजेच ते क्रियेचे विशेषण राहत नाही. दोन व्यक्तींमधील संबंध सांभाळते.

या सांभाळण्याची गरज का भासते? समाजात वावरताना प्रत्येकाला आपली प्रतिमा जपायची असते, असे अर्व्हिंग गॉफमन यांनी मांडले. या कल्पनेच्या आधारे पेनेलोपी ब्राऊन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी विनयाचा सिद्धान्त उभारला. त्यांचा ग्रंथ 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या मते मतभेद किंवा दुरुस्ती यांमुळे ऐकणाऱ्याच्या प्रतिमेला धक्का पोहोचतो आणि तो सौम्य करण्यासाठी भाषेत विविध साधने असतात. अनिता पोमेरांत्झ यांनी 1984 मध्ये दाखवून दिले की, सहमती बहुधा लगेच व्यक्त होते, तर असहमती थांबत, अडखळत, प्रस्तावना करीत येते.

तथापि ‘ॲक्चुअली’ हा शब्द स्वतः नम्र नाही. दोन बाबी महत्त्वाच्या ठरतात. पहिली बाब स्थानाची. रिबेका क्लिफ्ट यांनी 2001 मधील आपल्या लेखात या शब्दाच्या स्थानाचा आणि कार्याचा संबंध तपासला आहे. वरील उत्तरात माहिती आधी येते आणि शब्द मागून हळूच येतो. ‘ॲक्चुअली, यू आर राँग’ असे म्हटले की मात्र तोच शब्द दुरुस्तीची घोषणा करतो. दुसरी बाब अधिकाराची. स्वतःचे गाव, नाव, शिक्षण यांविषयीची चूक सुधारण्याचा अधिकार आपलाच असतो. परगावच्या पाहुण्याने आपल्याच गावाचा इतिहास आपल्याला ‘ॲक्चुअली’ म्हणत शिकवला, तर तो आगाऊपणा वाटतो.

मराठीत हे कार्य कोण करते? ‘तुम्ही कोल्हापूरचे ना?’ या प्रश्नाला ‘प्रत्यक्षात मी साताऱ्याचा आहे’ असे उत्तर कोणी देत नाही. त्यातून आधी काही लपवले होते असा भास होतो. आपण म्हणतो, ‘नाही, तसा मी साताऱ्याचा.’ ‘तसा’ हा लहानसा शब्द दुरुस्तीची धार कमी करतो. ‘खरं तर’, ‘तसं पाहिलं तर’, ‘हो, पण’ हीदेखील अशीच साधने होत. ‘खरं तर’ बहुधा वाक्याच्या आरंभी येते. त्याच सवयीने आपण बोलण्यात ‘ॲक्चुअली’ही आरंभीच योजतो आणि इंग्रजी बोलतानाही तसेच करतो. मुलाखतीत ‘तुम्ही इतिहासात बी.ए. केलेत ना?’ असे इंग्रजीतून विचारले गेले, तर ‘इन मराठी, ॲक्चुअली’ हे उत्तर सहज स्वीकारले जाईल. ‘ॲक्चुअली, यू आर राँग, सर’ यातील धक्का मात्र ‘सर’ या संबोधनानेही भरून निघणार नाही.

सारांश, नम्रता शब्दात साठवलेली नसते. शब्द कोठे येतो, कोण उच्चारतो आणि कोणाच्या विषयाबद्दल उच्चारतो, यांवरून ती ठरते.

स्वाध्याय : आपल्या घरातील वा कार्यालयातील संभाषणात ‘ॲक्चुअली’ किंवा ‘खरं तर’ आलेली पाच वाक्ये टिपून ठेवा. प्रत्येक वाक्यात त्या शब्दाने दुरुस्ती सौम्य झाली की तीव्र, हे स्थान आणि अधिकार या दोन निकषांवर स्पष्ट करा.